वाचकांचे प्रश्न : सर निघाले, आता घाणेरीचे काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहोत. बाहेरून येऊन इथल्या जंगलात माजलेल्या वनस्पती श्रमदानाने काढणाऱ्या गटांचा प्रमुख बदलला की पुढे काय करावे, हा तो विषय. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची आणि त्यांच्या गटांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा गट राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीने रविवारी सकाळी घाणेरी आणि रानमोडी ही परकी झुडपे काढण्याचे काम करतो. ज्यांनी हा गट उभा केला ते आमचे सर सत्तरी ओलांडल्यामुळे आता मुलाकडे नाशिकला राहायला जात आहेत आणि समन्वयक म्हणून त्यांनी माझे नाव सुचवले आहे. मी बँकेत नोकरी करते. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतलेले नाही. कोणत्या तुकड्यात कधी काम झाले, वनरक्षकांना केव्हा फोन करायचा, हे सगळे सरांच्या डोक्यात आहे. काही जुने सदस्य आतापासूनच ‘सर असताना असे नव्हते’ म्हणू लागले आहेत. शिवाय एका सदस्याचे म्हणणे असे की, २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर अशी झाडे काढायला परवानगीच लागत नाही. मी सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : कायद्यापासून करू, कारण तिथे गफलत झाली तर बाकीच्या सल्ल्याला काही अर्थ उरणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेली दुरुस्ती ‘आक्रमक परकीय प्रजाती’ ही संज्ञा त्या अधिनियमात प्रथमच घेऊन आली, हे खरे आहे. परंतु त्यातले नवे कलम ६२-अ केंद्र सरकारला अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि फैलाव यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार देते. तुम्हा-आम्हाला कोयता घेऊन उद्यानात शिरण्याचा नव्हे. राष्ट्रीय उद्यानातून काहीही काढून टाकायचे किंवा नष्ट करायचे झाले तर कलम ३५ चे सहावे उपकलम आजही लागू आहे आणि त्यानुसार परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांचाच लागतो. तेव्हा गटाकडे असलेले परवानगीचे पत्र आधी स्वतः वाचून काढा. ते सरांच्या नावाने आहे की गटाच्या, त्याची मुदत कधी संपते, त्यात कोणती हद्द आणि कोणत्या वनस्पती लिहिल्या आहेत, हे पाहा. ते सरांच्या व्यक्तिगत नावाने निघाले असेल तर सर मुंबईत आहेत तोवरच, त्यांच्या सहीच्या अर्जाने, ते गटाच्या नावे करून घ्यावे. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना भेटायला जाल तेव्हा सरांना बरोबर न्यावे, पण बोलावे तुम्ही. नेतृत्व काही एकट्या गटाचेच बदलत नसते. वन विभागातही बदल्या होतच असतात, आणि ज्या अधिकाऱ्यांनी सरांवर विश्वास टाकला ते उद्या चंद्रपूरला गेले तर नव्या साहेबांना दाखवायला तुमच्याजवळ कागदच लागेल.

आता सरांच्या डोक्यातल्या माहितीविषयी. ती घरी बसून वहीत उतरवून घेण्याचा प्रयत्न करू नका, कारण आठवण जागेवर गेल्याशिवाय जागी होत नाही. त्यांची प्रकृती साथ देत असेल तर सकाळच्या गारव्यात एकेका तुकड्यावर त्यांच्याबरोबर उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा : इथले झुडूप शेवटचे कधी काढले, काढल्यानंतर काय उगवले, आणि जे ठेवले आहे ते का ठेवले आहे. यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. अनुभवी माणूस घाणेरीची एखादी जाळी जाणूनबुजून राखतो. कधी तिच्यात बुलबुलाचे घरटे असते, कधी तिच्या मुळांनीच उतारावरची माती धरून ठेवलेली असते, कधी तिच्या आडोशाला एखादे कुड्याचे किंवा मुरुडशेंगेचे रोप वर येत असते आणि ते हाताला लागेपर्यंत जाळीला हात लावायचा नाही, असे त्याने ठरवलेले असते. हे कारण कुठेच लिहिलेले नसते. नवा प्रमुख आला की पहिल्याच उत्साहात नेमकी तीच जाळी साफ होते. फोनवर जागेची नोंद घ्या, छायाचित्र काढा; पण त्याबरोबर ‘मोठ्या पाषाणाखालचा’, ‘ओहोळापलीकडचा’ अशी जी नावे गटात रुळली आहेत तीही लिहा, कारण स्वयंसेवक एकमेकांना जागा त्याच नावांनी सांगतात.

पहिल्या वर्षी एकही नवा तुकडा हाती घेऊ नका, ही माझी तुम्हाला आग्रहाची सूचना आहे. हा सल्ला मिळमिळीत वाटेल, पण त्याचे कारण घाणेरीच्या स्वभावातच आहे. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती-उद्यानात आली आणि पुढे पाखरांच्या चोचीने देशभर पसरली. वरवर छाटली तर ती बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. त्यामुळे दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे कुदळीने जमिनीखाली सुमारे तीन इंचांवर, म्हणजे जिथून धुमारे फुटतात त्या गड्ड्याच्या खाली, मूळ तोडावे लागते आणि उपटलेले झुडूप उलटे करून ठेवावे लागते, म्हणजे ते पुन्हा मातीला लागत नाही. एवढे केल्यावरही जमिनीत पडलेले बी शिल्लक असतेच. झुडूप गेले की उघड्या जमिनीवर ऊन पडते आणि पहिल्या पावसासरशी त्या बियांची रोपे दाटीने वर येतात. ती श्रावणापर्यंत, बोटाएवढी असतानाच, चिमटीने उपटली नाहीत तर दोन पावसाळ्यांत तो तुकडा पूर्वीपेक्षा वाईट होतो, आणि घाणेरीच्या जोडीला रानमोडीही शिरते. म्हणजे सरांनी मागे ठेवलेला प्रत्येक साफ तुकडा हे येती काही वर्षे दरसाल फेडायचे कर्ज आहे. ते किती आहे हे कळण्याआधी नवे घेण्यात शहाणपण नाही.

तुम्हाला वनस्पतिशास्त्र येत नाही, याची फार चिंता करू नका. परंतु गटात ते येणारी निदान दोन माणसे हवीत. या वर्षांत तर ती विशेष हवीत. उद्यानातली कारवी, म्हणजे इथलेच मूळचे झुडूप, २०१६ नंतर २०२४ साली फुलली. सात वर्षे वाढायचे, आठव्या वर्षी फुलायचे आणि बी धरून मरायचे, हा तिचा क्रम. त्यामुळे जुनी झुडपे वाळून गेली आणि त्यांच्या बियांतून उगवलेली रोपे आता उतारांवर कोवळ्या अवस्थेत आहेत. ‘झुडूप दिसले की उपट’ एवढेच शिकलेला उत्साही मुलगा कारवीची पिढीच्या पिढी एका सकाळी साफ करील आणि वर छायाचित्रही काढील. घाणेरीचे पान चुरगळले की उग्र वास येतो आणि तिच्या कोवळ्या चौकोनी फांदीवर बोट उलटे फिरवले तर बारीक काटे लागतात, हे प्रत्येक नव्या स्वयंसेवकाच्या हाताला आणि नाकाला ठाऊक झाल्याशिवाय त्याच्या हाती कुदळ देऊ नये. ओळख पटत नसेल ते झाड त्या दिवशी तसेच सोडावे. शंकास्पद नमुन्यासाठी छायाचित्रे घेऊन सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या ठिकाणी विचारता येते.

राहता राहिले ‘सर असताना असे नव्हते’. हे वाक्य पुढचे वर्षभर तुमच्या कानावर पडणार आहे. त्याचा प्रतिवाद करू नका आणि सरांना नाशिकला फोन लावून निवाडाही मागू नका. जो सदस्य हे म्हणतो त्याला बहुधा काहीतरी माहीत असते, आणि ते त्याला कुणी विचारलेले नसते. त्याच्याकडे एक तुकडा नावानिशी सोपवा आणि तिथल्या कामाचा क्रम त्यालाच ठरवू द्या. शक्य असेल तर सरांचे पदही दोघांत वाटून घ्या : जमिनीवरचे काम एकाने पाहावे, परवानगी, हजेरी, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरची लस मिळते याची चौकशी, हे दुसऱ्याने. घोणस आणि फुरसे असलेल्या जागेत पालापाचोळ्यात हात घालणाऱ्या माणसांची जबाबदारी एकट्या माणसावर असू नये. सर ती एकट्याने उचलत होते, हे त्यांचे मोठेपण. पण तो नियम करण्याजोगा प्रघात नव्हे.

प्रश्न : आमच्या गटाच्या संस्थापक ताईंनी प्रकृतीमुळे काम सोडले आणि नव्या समन्वयकांनी सगळी दिशाच बदलली. हाताने उपटत बसलो तर शंभर वर्षे लागतील असे म्हणून त्यांनी यंत्र लावून एक उतार साफ करून घेण्याचे ठरवले आहे आणि जुलैत एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून तिथे हजार रोपे लावून घेण्याचा बेत आहे. आम्हा जुन्यांचा विरोध आहे, पण बोललो की ‘तुम्हाला बदल नको असतो’ असे ऐकावे लागते. काय करावे?
— एक स्वयंसेवक, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : समन्वयकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे आधी मान्य करा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या व्याघ्रक्षेत्राच्या जंगलांपैकी दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक भागावर घाणेरी पसरलेली आहे, आणि हा आकडा वाचून हातातल्या कुदळीकडे पाहिले की कुणालाही यंत्राची आठवण येईल. कंपनीकडून हातमोजे, अवजारे आणि पाण्याची सोय होत असेल तर तीही नाकारण्यासारखी नाही.

पण उतारावर यंत्र, हे मात्र चुकीचेच आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मे महिन्यात खरवडलेला उतार जुलैत ओहोळात वाहून गेलेला असेल. यंत्राच्या दातांना घाणेरी आणि दिंडा यांतला फरक कळत नाही, आणि त्याच्या चाकांना चिकटून गाजर गवताचे बी मात्र नव्या जागी जाते. तुमच्या परवानगीपत्रात यंत्राचा उल्लेख नसेल तर हा वाद जुन्या-नव्यांचा राहत नाही. तो परवानगी मोडण्याचा होतो. तसे समन्वयकांना एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. तरीही त्यांनी रेटले तर परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कानावर घालण्यात कोणताही द्रोह नाही.

रोपे लावण्याबद्दल थोडे इतिहासाकडे पाहावे. सुबाभूळ आणि गिरिपुष्प ही झाडे आपणहून मुंबईच्या टेकड्यांवर चढून आली नाहीत. लवकर वाढणारी, चारा-सरपण देणारी, ओसाड जमीन हिरवी करणारी म्हणून ती मागल्या पिढीने मोठ्या कौतुकाने लावली, आणि त्या वेळीही फलक आणि पाहुणे असणारच. जिथे आजूबाजूला मूळचे जंगल शिल्लक आहे तिथे घाणेरी काढून वाट पाहिली तर बरेच काही आपोआप येते. रोपे लावण्याची गरज असेलच तर ती एक-दोन पावसाळे पाहिल्यावर कळते. कंपनीच्या माणसांना नकार देण्याऐवजी त्यांना वेगळे काम द्यावे. श्रावणात घाणेरीची कोवळी रोपे चिमटीने उपटायला भरपूर हात लागतात, अवजार लागत नाही आणि अर्ध्या तासाच्या शिकवणीवर भागते. या कामात छायाचित्र चांगले येत नाही, ही अडचण आहे खरी. ती सोडवायची तर एकाच दगडावर उभे राहून दरवर्षी त्याच महिन्यात त्याच उताराचे चित्र घ्यावे. तीन वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की कंपनीच्या अहवालालाही ती पुरतात.

आणि हे सारे व्हॉट्सॲपच्या गटावर बोलू नका. तिथे लिहिलेले वाक्य आवाजाशिवाय पोहोचते आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच उद्देशून वाटते. समन्वयकांना त्या उतारावर घेऊन जा. ताईंनी काढलेला एखादा जुना तुकडा आणि एखादा पाठपुरावा सुटलेला तुकडा असे दोन्ही दाखवा, आणि पुढच्या वर्षीच्या कामाचा निर्णय बैठकीत, लेखी व्हावा एवढीच मागणी करा. ‘बदल नको असतो’ हा आरोप करणाऱ्याला असे विचारावे की, गेल्या वर्षी साफ केलेल्या तुकड्यांवर या वर्षी कोण जाणार आहे. उत्तर मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर बैठकीचा पहिला विषय तोच.

प्रश्न : आमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. खाडीकाठच्या वेड्या बाभळी आणि इतर परकी झाडे या विषयावर आम्ही काम करतो. अध्यक्षांनी राजीनामा दिला, कार्यकारिणीने नवा अध्यक्ष निवडला, एवढे पुरेसे आहे ना?
— एक विश्वस्त, चेंबूर

उत्तर : नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्तांत झालेला बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्जाने कळवावा लागतो. त्यासाठी राजीनामा, तो स्वीकारल्याचा ठराव, सभेची सूचना, इतिवृत्त आणि नव्या व्यक्तीची संमती, हे कागद आधी जमवून ठेवावेत. यात ढिलाई झाली तर पुढच्या बदलाच्या वेळी मागचे सगळे उकरून काढावे लागते. बँकेत सहीचा अधिकार बदलण्याचा ठराव त्याच सभेत करून घ्या. तुमचे काम खाडीकाठचे असल्याने कांदळवन कक्षाकडे दिलेल्या पत्रव्यवहारातले नावही लगेच बदला. आणि पालिकेच्या हद्दीतले कोणतेही झाड, मग ते परके का असेना, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडायचे नाही, हे नव्या अध्यक्षांना पहिल्याच दिवशी सांगा. शहरातला वृक्ष कायदा १९७५ पासून आहे, आणि झाड परके आहे एवढ्या सबबीवर परवानगीतून सुटका होत नाही.

प्रश्न : आरेच्या बाजूला श्रमदानाने तण काढणारा गट मी सुरू केला. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून एका तरुण सहकाऱ्याकडे काम सोपवत आहे. सगळ्यांचा आग्रह आहे की मी ‘मार्गदर्शक’ म्हणून राहावे. राहावे का? पाड्यावरच्या दोन महिला पहिल्यापासून आमच्याबरोबर आहेत. झाडांची ओळख त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे, पण बैठकीला त्या कधी बोलत नाहीत. त्यांचेही काय करावे हे कळत नाही.
— एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : मार्गदर्शक हे पद घेऊ नका. त्या पदाला काम नसते आणि मत मात्र असते. तुमचा तरुण सहकारी प्रत्येक निर्णयाआधी तुमच्या चेहऱ्याकडे पाहील आणि सदस्य त्याला वळसा घालून तुमच्याकडे येतील. त्याऐवजी एक ठरावीक काम घ्या, जे बसून होते आणि ज्याचा निकाल दिसतो. नव्या स्वयंसेवकांना पाने-खोडे ओळखायला शिकवणे, किंवा तुकड्यांच्या नोंदींची वही चालू ठेवणे, यांपैकी काहीही चालेल.

या कामात आपल्यामागे टिकण्यासारखे काय असते, याचे एक उदाहरण सिडनीचे आहे. १९६० च्या दशकात मॉसमन या उपनगरात राहणाऱ्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणी रोजच्या फिरण्यात बंदरालगतच्या रानातले परके तण उपटू लागल्या. त्यांनी तीन नियम घालून घेतले : चांगल्या स्थितीतल्या रानापासून सुरुवात करून बिघडलेल्या भागाकडे सरकायचे, जमीन कमीत कमी हलवायची आणि पाचोळा परत पसरायचा, आणि स्थानिक झाडे जितक्या वेगाने परततील तितक्याच वेगाने तण काढायचे. हे नियम त्यांनी लिहून छापले, म्हणून ते इतरांना वापरता आले. तिथल्या नॅशनल ट्रस्टने त्या पद्धतीने माणसे तयार केली आणि १९८२ साली जोन गेल्यानंतरही ती पद्धत ऑस्ट्रेलियात चालू राहिली. तुमच्या गटाचे नियम कागदावर आहेत का, हे पाहा. नसतील तर निरोपसमारंभाच्या आधी चार पानांत लिहून काढा आणि सहकाऱ्याला त्यात खाडाखोड करू द्या.

पाड्यावरच्या त्या दोघींविषयी तुम्ही शेवटी लिहिलेत, पण माझ्या मते पत्रातला तोच सर्वांत तातडीचा भाग आहे. टाकळा कोणता आणि तण कोणते, रानहळदीचा कोंब कुठे वर येतो, कोणत्या वाटेने पहाटे बिबट्या जातो, हे त्या सांगतात आणि गट त्यावर चालतो. मग समन्वयकाचे नाव ठरवताना त्यांना विचारले होते का? बैठक एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये, रात्री आठ वाजता, निम्म्या इंग्रजीत होत असेल तर त्या बोलणार नाहीतच. बैठक काम संपल्यावर, झाडाखाली, तिथल्या तिथे घ्या. श्रमदान हा शब्द रविवारी सुट्टी असणाऱ्यांसाठी ठीक आहे. ज्यांची त्या सकाळची मजुरी बुडते त्यांना ती देण्याची तरतूद गटाच्या खर्चात असावी, आणि ती उपकार म्हणून नव्हे तर जाणकाराचे मानधन म्हणून लिहिली जावी. त्या दोघींची तयारी असेल तर त्यांना निर्णय घेणाऱ्या समितीत घेण्याचा ठराव तुम्ही पदावर असतानाच मांडा. आज तुमच्या शब्दाला जे वजन आहे ते तुमच्या सहकाऱ्याच्या शब्दाला यायला दोन-तीन पावसाळे जातील, आणि हा ठराव तोवर लांबवण्यासारखा नाही.